मास्तरांचा वेढा

"माझ्या डब्याला हात लावलास तर मी इथून चालत घरी जाईन."

"जा की. एकोणचाळीस किलोमीटर आहे. पाण्याची बाटली घेऊन जा, ऊन चढतंय."

"बापाशी बोलतेस तू."

"बापाशीच बोलतेय. दुसऱ्या कुणाला बाटली देऊ केली नसती."

रस्त्याच्या कडेला चेंबरचं लोखंडी झाकण उलटं पडलं होतं आणि त्या झाकणावर मास्तर ठाण मांडून बसले होते. आत खड्ड्यात, कमरेपर्यंत बुडालेली, त्यांची पोरगी. तिला सगळे चिमटी म्हणायचे. एक तर दिवसभर तिच्या हातात चिमटा असायचा, आणि दुसरं म्हणजे बोलली की समोरच्याला तो लागायचाच. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.

चिमटी फायबरचे जोड करायची. केसाएवढा काचेचा धागा, त्यातून उजेड पळतो, त्या उजेडावर अख्ख्या जगाचे फोटो, निरोप आणि भांडणं पळतात. धागा जिथं जोडायचा तिथं एक काळा डबा बसवतात, डब्यात ट्रे, ट्रेमध्ये जोड, आणि उरलेला धागा गोल गुंडाळून ठेवतात. हे गुंडाळणं तिला बापानं शिकवलं होतं. तिलाच काय, या लाइनवरच्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलेलं. म्हणून ते मास्तर. शाळेतले मास्तर मुलं विसरतात, यांना कुणी विसरत नव्हतं, कारण चुकलं की ते बोटावर पट्टी मारायचे आणि बरोबर आलं की त्याच बोटाला फुंकर घालायचे.

आता भांडण कशावरून ते सांगायला हवं.

दोन स्टेशनांमधली ही साठ किलोमीटरची लाइन सेकंदाला शंभर गिगाबिटच्या वेगानं चालायची आणि शंभर आता पुरत नव्हतं. संध्याकाळ झाली की दवाखान्यातले फोटो अडकायचे, तिकिटाच्या खिडक्यांवर लोक शिव्या घालायचे. मग एक टाय घातलेला माणूस नवी मशीन विकायला आला. दोन्ही टोकांची मशीन काढायची, त्याची बसवायची, आणि पुढं लाइनची सगळी देखभालही त्याच्याच माणसांनी करायची. म्हणजे चिमटी, गाडी चालवणारे मामा आणि मशीनरूममधला चष्मिस, या तिघांच्या टोळीला रामराम.

मॅनेजर मॅडमच्या खोलीत सगळं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात चिमटी दार न वाजवता आत गेली.

"आहे त्याच मशीनवर दोनशे चालतं," ती म्हणाली होती. "सेटिंग आहे त्यात. आपण कधी बदललंच नाही."

टायवाला हसला होता. "चालतं, कागदावर. तुमच्या लाइनवर नाही. पलीकडं पोचणारा उजेडच इतका मरतुकडा आहे."

त्याचं खरं होतं, आणि तेच तिला झोंबलं. मशीन शंभरावर असतं तेव्हा उजेड चारच खुणांमध्ये बोलतो. कुणी लांबून हात वर केला, खाली केला, डावीकडं केला, उजवीकडं केला, तर अंधुकातसुद्धा कळतं. दोनशेवर त्याच वेळात सोळा खुणा कराव्या लागतात. आता सोळांमधली करंगळी कुठली आणि अनामिका कुठली, हे ओळखायचं तर हातावर चांगला उजेड पाहिजे. पलीकडं जेवढा पोचत होता त्याच्या दुप्पट पाहिजे होता. त्यांच्या भाषेत तीन डीबी.

"तीन डीबी वाटेत सांडतायत कुठंतरी," चिमटी म्हणाली होती. "मी शोधते."

मॅडमनी टेबलावरचं घड्याळ तिच्याकडं फिरवलं होतं. "उद्या चार वाजता मी सही करणार आहे. त्याआधी दाखव. आणि चालू लाइनवर काम आहे. अडीअडचणीला जी दुसरी वाट आहे ती बारीक आहे, मिनिटभराच्या वर हिचा भार घेत नाही. लाइन एकदा जरी पडली तरी विषय तिथंच संपला."

"पडणार नाही."

असं बोलून बाहेर आल्यावर तिनं रात्र काही जागून काढली नाही. मस्त झोपली. चिमटीचं तसं होतं, आधी बोलायची आणि मग ते खरं करून दाखवायची, आणि आतापर्यंत ते जमत आलं होतं.

झोपायच्या आधी मात्र तिनं एक उद्योग केला होता. केबलमधला एक धागा रिकामा होता, त्यात टेस्टरनं उजेड मारून पाहिला. टेस्टरवर दोन बटणं असतात, दोन रंगांची. दोन्ही रंग डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून त्यांना नंबरच आहेत: तेराशेदहा आणि पंधराशेपन्नास. मास्तरांचा नियम, तेराशेदहावर बघायचं, तिथं जोड खरा दिसतो. रजिस्टरमध्येही तेवढाच एक रकाना. वीस वर्षं सगळ्यांनी तेच बटण दाबलं, दुसऱ्यावरची अक्षरंसुद्धा पुसली गेली नव्हती. मशीन मात्र चालतं पंधराशेपन्नासवर. चिमटीनं ते कोरं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर सरळ उताराच्या जागी जिना दिसला. प्रत्येक डब्यापाशी एक पायरी. सातव्या डब्यापुढं तो रिकामा धागा तुटलेला होता, त्यामुळं पुढच्या पाच डब्यांचं काही दिसलं नाही. पण सात पायऱ्यांची बेरीज तिला पुरेशी वाटली.

डबे नेमके कुठल्या चेंबरमध्ये आहेत हे मात्र नकाशावर धड नव्हतं. ते एकाच माणसाच्या डोक्यात होतं. म्हणून सकाळी तिनं बापाला गाडीत घातलं, कारण न सांगता. कारण पहिल्या चेंबरवर सांगितलं, आणि मास्तर झाकणावर बसले.

"जोडात खोट नाही," ते म्हणाले.

"जोडात नाहीच, बाबा. वेढ्यात आहे. तुम्ही धागा फार लहान गुंडाळता. बाटलीच्या झाकणाएवढा. पंधराशेपन्नासचा उजेड सरळ रस्त्यावर घोडा आहे आणि वळणावर गाढव. वळण बारीक आलं की बाहेर सांडतो."

"वेढा लहानच पाहिजे. मोठा केला की ट्रेच्या कडेला जातो, झाकणात चेमटतो. एकदा चेमटला होता. अख्खी लाइन सहा तास बंद. साहेबांनी चार माणसांत माझी लाज काढली होती."

"तेव्हाचे ट्रे वेगळे होते. यांना कडेला खाच आहे."

"मला शिकवू नकोस."

"बरं. तुम्ही नका उठू. मी डबा वर घेतलाय, झाकण तुमच्यापाशीच राहू दे."

मामा गाडीच्या बॉनेटला टेकून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसलाय ते चेंबरचं झाकण. डब्याचं तिच्या हातात आहे."

मास्तरांनी मामांकडं असं बघितलं की मामांना एकदम टायरमधली हवा तपासायची आठवण झाली.

चिमटीनं फोन स्पीकरवर टाकून गवतात ठेवला. पलीकडच्या स्टेशनात चष्मिस बसला होता, आणि त्याच्या शेजारी, खुर्ची उलटी करून, टायवाला. मॅडमनीच बसवला होता, साक्षीला.

"आकडा?"

"उणे एकवीस, ताई."

उण्याचे आकडे, त्यामुळं जितका लहान तितका उजेड जास्त. उणे अठरा झालं की सोळा खुणा वाचता येणार होत्या.

तिनं चिमटा खिशात घातला. चालू धाग्याला लोखंड लावायचं नाही. बोटांनी, नुसत्या नखाच्या बाजूनं, तिनं पहिला वेढा उचलला. किती सुंदर गुंडाळलेला होता तो. एकावर एक, एकाच मापाचे नऊ वेढे, जणू कुणी कंपासनं काढलेत. तिला क्षणभर वाईट वाटलं. मग एकेक करून तिनं ते सोडवले आणि चहाच्या कपाच्या तोंडाएवढे, ऐसपैस, कडेच्या खाचेतून फिरवले.

"उणे वीस पॉइंट सहा," फोन बोलला.

मास्तर झाकणावरून उठले.

दुसऱ्या डब्याला जेमतेम पॉइंट एक मिळाला. तिसरा डबा गायब होता. मास्तरांनी बरोबर जागा दाखवली, दुभाजकाच्या खांबापासून अकरा पावलं, पण अकराव्या पावलावर गेल्या वर्षीचं नवंकोरं डांबर होतं. रस्तावाल्यांनी चेंबर झाकणासकट पुरून टाकलं होतं.

"खणू का?" मामांनी विचारलं.

"खणा. पक्का रस्ता आहे, परवा संध्याकाळपर्यंत पोचाल," चिमटी म्हणाली आणि गाडीत बसली. चेहरा तसाच ठेवला, पण मनातल्या बेरजेतून सगळ्यात मोठी पायरी निखळली होती.

चौथ्याला पॉइंट दोन. पाचवा डबा पेट्रोलपंपाच्या मागं, भिंतीवर होता. तिथं तिनं झाकण उघडलं आणि आतल्या चिठ्ठीवर तिचीच सही निघाली. सहा वर्षांपूर्वीची. वेढा बाटलीच्या झाकणाएवढा. उलट बापापेक्षा जरा लहानच.

मास्तर खांद्यावरून बघत होते. "अरे वा," ते म्हणाले. "हा कुणाचा गाढवपणा?"

"शिकवणाऱ्याचा."

"शिकवणाऱ्यानं नऊ वेढे सांगितले होते. इथं बारा आहेत."

"मला वाटलं जास्त घातले की तुम्ही खूश व्हाल." हे तिच्या तोंडून रागातच निघालं, आणि निघाल्यावर तिला ते आवडलं नाही. हात एक इंच जोरात हलला.

"ताई, चोवीस," चष्मिसचा आवाज चिरकला. "उणे चोवीस. ताई, काय करताय?"

मागून टायवाल्याचा आवाज आला, आरामात, "पडली का?"

चिमटी पुतळा झाली. दोन बोटांत धागा, श्वाससुद्धा नाही. धाग्याला कुठंतरी पीळ बसला होता. तिला दिसत नव्हता. मास्तर तिच्या कानाशी वाकले. "अंगठा मोकळा कर. फक्त अंगठा. त्याला स्वतःहून फिरू दे."

तिनं अंगठा सोडला. धागा हळूच अर्धा वळला आणि निजला.

"एकोणीस पॉइंट सात," चष्मिस म्हणाला. "पडली नाही. लिहून घ्या, साहेब, पडली नाही."

"घेतलं," टायवाला म्हणाला. "चार खुणांवर होती म्हणून तगली. सोळांवर असती तर मेली असती."

"सोळांवर गेल्यावर आम्ही तिला हात लावणार नाही," चिमटी म्हणाली. "तुम्ही पण लावू नका."

पॉइंट सहा मिळाले होते त्या एका डब्यातून. तिच्या स्वतःच्या. मामांनी पंपावरून तीन चहा आणले, ते उभ्याउभ्याच प्यायले. मास्तरांनी कप रिकामा केल्यावर त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, मग खिशातल्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणावरून फिरवलं. चिमटीनं बघितलं, पण बघितलं नाही असं केलं.

सहाव्याला पॉइंट चार, आणि सव्वादोन वाजले. उणे एकोणीस पॉइंट तीन. सातव्या डब्याची पायरी तिनं काल पाहिली होती, फार तर पॉइंट तीन. त्यापुढं हवा होता अख्खा एक डीबी, आणि पुढचे पाच डबे अंधारात. एका डब्याला गाडी लावणं, झाकण उचलणं, पाणी उपसणं धरून पाऊण तास. म्हणजे सातवा सोडून दिला तरी नीट जमतील असे दोनच, आणि ते दोन चुकीचे निघाले तर संपलं.

ती गाडीच्या पायरीवर बसली. बोटं काळी झाली होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर आता फोन करून वेळ वाढवून मागितली असती. तिला ते सुचलंही नाही. तिनं बापाकडं बघितलं.

"बाबा, आठ ते बारा. यातला सगळ्यात देखणा डबा कुठला?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त जीव लावलात तो. दुसऱ्याला दाखवावासा वाटणारा."

मास्तरांना कळलं. कळायला त्यांना वेळ लागतच नसे, कबूल करायला लागायचा. त्यांनी रस्त्याकडं बघितलं. एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा. मामांनी तोंड उघडलं आणि चिमटीनं हात वर करून ते बंद केलं.

"दहावा," मास्तर म्हणाले. "पाण्याच्या टाकीमागं."

"नक्की?"

"ट्रेनिंगच्या खोलीत फ्रेम लावलीय ना फोटोची, तो. दोन ट्रे आहेत. चौदा-चौदा वेढे. माझ्या करंगळीवर गुंडाळून मग काढून ठेवलेत." त्यांनी करंगळीकडं बघितलं. "फोटो काढायला माणूस आला होता तेव्हा मी पुन्हा सोडून आणखी बारीक केले. नीट दिसावेत म्हणून."

मामांनी गाडी सुरूच केली होती.

टाकीपर्यंत चोवीस किलोमीटर. मामा एरवी मुंगीला वाट देणारे, आज त्यांनी तीन वेळा हॉर्न वाजवला आणि तिन्ही वेळा स्वतःच दचकले. तीन वाजून पाच मिनिटांनी चेंबर उघडलं. पाणी नव्हतं, टाकीमागची जागा उंचावर होती. मास्तरांनी तीही विचार करूनच निवडली असणार.

डब्याचं झाकण निघालं आणि तिघंही वाकून बघायला लागले. देखणं म्हणजे किती देखणं. धाग्याची दोन चाकं, आरशातल्यासारखी एकमेकांसमोर. मामा हळूच म्हणाले, "हे मोडायचं?"

"सरक," मास्तर चिमटीला म्हणाले.

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांनी नाही सोडवायचं."

ते खड्ड्यात उतरले. उतरताना कण्हले, पण धाग्याजवळ हात गेल्यावर कण्हणं बंद. चिमटी वरून टॉर्च धरून उभी होती. तिनं खूप लोकांना ट्रे सोडवताना पाहिलं होतं. बहुतेक जण वेढा उचलतात. मास्तर उचलत नव्हते, वेढ्याला मोठं व्हायला सांगत होते. मधून बोट घालून नुसतं जरा फुगवायचे, आणि तो आपला आपण कडेच्या खाचेत जाऊन बसायचा. पहिला ट्रे झाला.

"अठरा पॉइंट पाच," फोन म्हणाला. "ताई, एका दमात पॉइंट आठ?"

"अजून एक ट्रे आहे. गप्प बस."

दुसऱ्या ट्रेला त्यांनी जास्त वेळ घेतला. एकदा हात थांबला. ते चष्म्यावरचा घाम नाकाच्या टोकाकडं जायची वाट बघत होते. मग शेवटचा वेढा फुगला आणि बसला.

"सतरा पॉइंट सहा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टायवाला बहुतेक स्क्रीनजवळ गेला असावा.

"सेटिंग बदल," चिमटी म्हणाली.

तीन चाळीसला मॅडमनी होकार दिला. सगळी गर्दी मिनिटभरासाठी त्या बारीक वाटेवर वळवली, मशीन सोळा खुणांवर टाकलं, आणि मग चाळीस सेकंद वाट बघितली. मामांनी तर डोळे मिटले होते.

"लागली," चष्मिस म्हणाला. "दोनशे. चुका शून्य. थांबा... शून्यच आहेत. गर्दी परत घेतली. दोनशे, ताई."

चिमटीनं टॉर्च बंद केला. मग तिला लक्षात आलं की दिवसाढवळ्या ती टॉर्च पेटवून हिंडत होती, आणि ती हसायला लागली.

फोनवर मॅडम आल्या. "कागद मी बाजूला ठेवलाय," त्या म्हणाल्या. "उरलेले डबे?"

"याच आठवड्यात करतो. तिसऱ्यासाठी रस्तावाल्यांना पत्र द्या. आणि दुसऱ्या वाटेवरही हाच वेढा आहे, तिच्यावरही असलीच मशीन आहेत. तिथंही दुप्पट निघेल."

"तुला कसं माहीत?"

"तिथले डबे मीच बांधलेत."

मग टायवाल्यानं फोन घेतला. आवाज वेगळा होता, विकणाऱ्याचा नव्हता. "एक विचारू? शेवटचा डबा नेमका कसा सापडला? माझ्याकडं असतं तर मी आठव्यापासून ओळीनं गेलो असतो."

चिमटीनं फोन बापापुढं धरला. मास्तर एव्हाना खड्ड्यातून वर आले होते आणि पँटीचे गुडघे झटकत होते. फोन त्यांनी हातात घेतला नाही. मामांच्या मनगटाला धरून घड्याळ स्वतःकडं वळवलं, तीन बावन्न, आणि ते गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसलेसुद्धा.

"बाबा, तो विचारतोय. दोन मिनिटं बोला की. आज पहिल्यांदा कुणीतरी धड विचारतंय."

"त्याला नंतर सांग. साडेचारला वर्ग आहे माझा, नवी बारा पोरं ट्रे घेऊन बसली असतील, आणि काल मी त्यांना वेढा शिकवलाय." त्यांनी काच खाली केली. "मामा, चला. मला आता निघायला हवं."